क्लिक नेमके कुठे अडते? लिनक्सवरच्या माऊसची पार्श्वभूमी

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात तीन संगणक आहेत आणि तिन्हींवर लिनक्स ही संगणकप्रणाली आहे. एक जुना टॉवर, ज्याच्या पाठीला माऊस आणि कीबोर्डसाठीच्या हिरव्या-जांभळ्या गोल खाचा अजून शाबूत आहेत. दुसरा कुणीतरी वापरून दिलेला लॅपटॉप. तिसरा अलीकडे घेतलेला. मिरग सुरू झाला, हवा दमट झाली की माऊसच्या तक्रारी घेऊन मुले येतात: 'काका, एकदा दाबलं तर दोनदा उघडतं', 'उजवं बटण लागतच नाही', 'बाण फिरतो, पण कशावर दाबलं तरी काही होत नाही'. ऐकायला तिन्ही गोष्टी एकच वाटतात. प्रत्यक्षात तिन्हींची मुळे वेगवेगळ्या दशकांत आहेत. म्हणून एकासाठी सापडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि माणूस कंटाळून सगळी प्रणाली नव्याने बसवायला घेतो. मीही सुरुवातीला तेच करत असे. त्यात एक अख्खी दुपार जाई आणि दोष जागचा हलत नसे.

बोटाने बटण दाबल्यापासून फाइल उघडेपर्यंत क्लिकचा प्रवास मोठा आहे. बटणाखालचा छोटा स्विच, माऊसमधली चिप, लिनक्सचा कर्नल म्हणजे गाभा, त्यावरचे इनपुट हाताळणारे सॉफ्टवेअर, पडदा सांभाळणारा सर्व्हर, डेस्कटॉप आणि शेवटी आपला प्रोग्रॅम. यांतले प्रत्येक ठाणे वेगळ्या माणसांनी, वेगळ्या काळात, वेगळ्या गरजेपोटी उभारले.

माऊस जन्मला तेव्हा त्याला एकच बटण होते. डग्लस एंगेलबार्ट यांची कल्पना आणि बिल इंग्लिश यांची कारागिरी यांतून १९६४ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये लाकडी खोक्याचा पहिला नमुना तयार झाला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्टनी तो जाहीरपणे चालवून दाखवला, तोवर त्यावर तीन बटणे आली होती. १९७३ च्या झेरॉक्स आल्टो या संगणकालाही तीनच. १९८४ च्या मॅकिंटॉशने मात्र एकच बटण ठेवले. लिनक्सच्या आधीच्या युनिक्स प्रणालीच्या जगाने तीन बटणांची परंपरा धरली, आणि लिनक्सला ती वारशात मिळाली.

हा वारसा मुख्यतः एक्स विंडो सिस्टममधून, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आला. १९८४ मध्ये एमआयटीमध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी तिचे काम सुरू केले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती बाहेर पडली, आणि 'एक्स ११' हेच नाव पुढे टिकले. एक्समध्ये बटणांना नावे नसतात, क्रमांक असतात. डावे १, मधले २, उजवे ३. डावखुऱ्या मुलासाठी बटणांची अदलाबदल करायची तर या क्रमांकांचा क्रम उलटा मांडायचा, इतके सोपे.

मधल्या बटणाला एक्सने एक खास काम दिले. मजकूर नुसता निवडायचा आणि दुसरीकडे मधले बटण दाबायचे की तो तिथे उमटतो, कॉपीची आज्ञा लागतच नाही. ज्यांना सवय आहे त्यांना ही सोय सोडवत नाही. पण आजच्या माऊसवर मधले बटण म्हणजे चाकच. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकाची पत्रिका टाइप करणाऱ्या एका ताईंच्या मजकुरात मधेच नटांची नावे दुसऱ्यांदा उमटत. यंत्रात व्हायरस शिरल्याची त्यांची खात्री झाली होती. पान सरकवताना त्यांचे बोट चाकावर जरा जोरात पडत होते आणि आधी निवडलेली ओळ तिथे चिकटत होती. माऊस अगदी ठणठणीत होता.

ज्यांच्याकडे दोनच बटणांचा माऊस होता, त्यांच्यासाठी वेगळी तोड निघाली: डावे आणि उजवे एकदम दाबले की मधले समजायचे. त्यासाठी यंत्राला डावे बटण दाबल्यावर क्षणभर थांबून उजवेही येते का ते पाहावे लागते. हे थांबणे साधारण ५० मिलिसेकंदांचे. ही सोय चालू राहिली तर क्लिक किंचित उशिरा लागल्यासारखे वाटते.

मग चाक आले. मायक्रोसॉफ्टच्या १९९६ च्या इंटेलिमाऊसने ते घरोघरी नेले. एक्सच्या नियमांत चाक नावाची वस्तूच नव्हती, म्हणून लिनक्सवाल्यांनी जुन्या घरातच जागा करून दिली: चाक वर फिरले की ४ क्रमांकाचे बटण दाबले, खाली फिरले की ५. आडव्या सरकण्याला ६ आणि ७. त्यामुळे बाजूच्या 'मागे' आणि 'पुढे' या बटणांना ८ आणि ९ घ्यावे लागले. एखाद्या माऊसचे बाजूचे बटण भलतेच काही करत असेल, तर गोंधळाचे मूळ बहुधा या क्रमांकवारीत सापडते.

आमच्या जुन्या टॉवरचा आजार याच काळातला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशस्थ गोवेकरांच्या पुढाकाराने वापरलेले संगणक गोव्यातल्या शाळांत आले. शाळांना परवाने विकत घेणे परवडणारे नव्हते, त्यामुळे लिनक्सची ओळख इथल्या कित्येक मुलांना तिथेच झाली. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतून उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांच्या घरीही संगणक पोचले ते याच सुमारास. त्या काळच्या यंत्रांचा माऊस पीएस-टू जोडणीचा, म्हणजे गोल पिनेचा. साधा पीएस-टू माऊस प्रत्येक हालचालीची खबर तीन बाइटांत पाठवतो, चाकाचा माऊस चार बाइटांत. खबर संपली कुठे आणि नवी सुरू झाली कुठे, हे वाचणाऱ्याला मोजूनच कळते. एक बाइट गळला की मोजणी सरकते, आणि हालचालीचा आकडा बटणाचा म्हणून वाचला जातो. बाण कोपऱ्यात उडी मारतो, मेनू आपोआप उघडतात, कुणी न दाबता क्लिक होते.

तेव्हा माऊसचा प्रकार एका फाइलमध्ये हाताने लिहावा लागे, आणि तो चुकला की पहिल्या मिनिटापासून हाच तमाशा. पुढे कर्नलच माऊस ओळखू लागला, पण पीएस-टूची पिन चालू यंत्रात काढून लावली किंवा जोडणी सैल असली तर मोजणी आजही सरकते. कर्नलच्या नोंदवहीत 'पीएसमाऊस'चा, म्हणजे पीएस-टू माऊस वाचणाऱ्या तुकड्याचा, मेळ सुटल्याची ओळ दिसली की निदान पक्के. पीएसमाऊस हे मोड्यूल काढून पुन्हा चढवले की गाडी रुळावर येते. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर टचपॅड मुका झाला तरी हाच उपाय करून पाहावा, कारण बऱ्याच लॅपटॉपांचे टचपॅड आतून पीएस-टूच असतात.

कर्नलमध्ये मोठा बदल २.६ आवृत्तीने, २००३ च्या अखेरीस, पक्का केला. माऊस कोणत्याही जातीचा असो, त्याच्या खबरा एकाच ठरावीक भाषेत वर पाठवायच्या. या व्यवस्थेला 'इव्हडेव्ह' म्हणतात. दोष शोधणाऱ्याला याचा केवढा फायदा झाला हे सांगायला हवे. 'इव्हीटेस्ट' नावाचे छोटे साधन चालवले की डेस्कटॉप वगैरे सगळे बाजूला सारून, कर्नलला बटणाची खबर मिळाली की नाही एवढेच दिसते. तिथे खबर नाही तर माऊस, वायर किंवा पोर्ट पाहा. तिथे खबर आहे आणि पडद्यावर परिणाम नाही, तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा, दोष वरच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझे निम्मे काम या एका पायरीने वाचते.

आता दोनदा उघडण्याचा दोष. हा सगळ्यात जास्त आढळतो आणि बहुतेक वेळा खरोखरच बटणाचा असतो. बटणाखाली एक इवलीशी धातूची पट्टी असते. दाबले की ती टक्कन उडी घेऊन दुसऱ्या धातूला टेकते. टेकताना ती थोडी थरथरते, जशी टेबलावर टाकलेली पट्टी थरथरावी तशी, त्यामुळे काही मिलिसेकंदांत जोडणी अनेकदा लागते आणि तुटते. नव्या स्विचची थरथर माऊसमधली चिप गिळून टाकते. पट्टी झिजली, तिच्यावर गंज किंवा घाण बसली, की थरथर लांबते आणि एका दाबाचे दोन होतात. फाइल ओढून नेताना मधेच सुटणे, मजकूर निवडताना निवड तुटणे, ही त्याच रोगाची लक्षणे. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. त्याच ओलाव्यात आणि खाऱ्या वाऱ्यात उघड्या धातूच्या जोडण्यांचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको.

इथे लिनक्सच्या इतिहासातले एक पान फार उपयोगी आहे. २०१४ च्या सुमारास एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडसाठी 'लिबइनपुट' ही इनपुट हाताळणारी लायब्ररी वेगळी झाली. पीटर हटरर यांनी ती वर्षानुवर्षे सांभाळली. ऑगस्ट २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. पुढे तिच्यात ही थरथर ओळखण्याची सोय घातली गेली. एका क्लिकनंतर २५ मिलिसेकंदांच्या आत तेच बटण पुन्हा वाजले तर ते मोजायचे नाही, कारण माणसाचे बोट इतक्या वेगाने उठून पुन्हा पडत नाही. पहिली खबर लगेच पुढे जाते, त्यामुळे क्लिकला उशीर होत नाही. दाबून धरलेले बटण मधेच सुटल्याचा भास झाला तर तोही ती झाकते, पण ही दुसरी युक्ती तो दोष एकदा दिसल्यावरच जागी होते, कारण तिच्यासाठी बटण सुटल्याची प्रत्येक खबर थोडी रोखून धरावी लागते.

परिणाम असा, की तोच झिजका माऊस जुन्या टॉवरवर डबल मारतो आणि नव्या यंत्रावर सुतासारखा सरळ चालतो. मग सगळे म्हणतात, टॉवर बिघडला. टॉवर बिघडलेला नसतो, तो जुन्या काळातला असतो. म्हणून माऊसची परीक्षा घेताना दोन्ही बाजूंनी अदलाबदल करावी: दुसरा माऊस याच यंत्रावर, हा माऊस दुसऱ्या यंत्रावर. थरथर २५ मिलिसेकंदांच्याही पलीकडे गेली असेल तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. सोल्डरिंग जमणारा माणूस त्याच माऊसचा उजवा स्विच काढून डावीकडे बसवतो, कारण उजवा फारच कमी झिजलेला असतो. आमचा एक माऊस या उपायावर अजून चालतो आहे.

लॅपटॉपच्या उजव्या बटणाची कथा वेगळी. त्याच्या टचपॅडला वेगळी बटणे नाहीत, सगळी पाटीच दाबली जाते. उजवे क्लिक कसे करायचे हे मग सॉफ्टवेअर ठरवते: उजव्या खालच्या कोपऱ्यात दाबून, किंवा दोन बोटे ठेवून दाबून. मार्च २०१८ मध्ये ग्नोम डेस्कटॉपच्या ३.२८ आवृत्तीने ठरीव पद्धत बदलून दोन बोटांची केली. पुढच्याच महिन्यात आलेल्या उबुंटू या लिनक्स-संचाच्या १८.०४ आवृत्तीमधून ती असंख्य लोकांपर्यंत गेली. काल चालणारा कोपरा आज मुका, आणि पडद्यावर सूचना काहीच नाही. ग्नोमच्या सेटिंगमध्ये टचपॅडची क्लिक-पद्धत पुन्हा 'क्षेत्रे' केली की कोपरा जागा होतो. नुसत्या टिचकीने क्लिक होणेही लिबइनपुटमध्ये बहुतेक टचपॅडांवर मुद्दाम बंद ठेवलेले असते, कारण ज्याला ते ठाऊक नाही त्याला नकळत होणारी क्लिके गोंधळात टाकतात. या निर्णयामागचा विचार मला पटतो. पण बदल करताना वापरणाऱ्याला चार शब्द सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते.

शोधायला गेले की टचपॅडसाठी 'सिनक्लायंट' चालवा, एक्सची कॉन्फिगरेशन फाइल अशी लिहा, असे सल्ले मिळतात. ते खोटे नाहीत, सिनॅप्टिक्स या टचपॅडच्या जुन्या ड्रायव्हरच्या काळातले आहेत. फेडोरा या दुसऱ्या लिनक्स-संचाच्या २२ व्या आवृत्तीने मे २०१५ मध्ये एक्सवरही लिबइनपुट आणले, बाकीचेही हळूहळू तिकडे वळले, आणि त्या आज्ञांना ऐकणारा कुणी उरला नाही.

उरली तिसरी तक्रार: बाण फिरतो, क्लिक लागत नाही. एक्समध्ये कोणताही प्रोग्रॅम माऊस आपल्या मुठीत धरू शकतो. मेनू उघडला की तो तसे करतोच, म्हणजे बाहेर कुठेही दाबले तरी मेनू बंद करता यावा. मेनू उघडा असताना तो प्रोग्रॅम गोठला, तर मूठ सुटत नाही. बाण हलत राहतो, कारण तो सर्व्हर हलवतो, पण प्रत्येक क्लिक त्या गोठलेल्याच्या दारात जाऊन पडते. अशा वेळी बटण दाबून यंत्र बंद करू नये. कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ दाबून मजकुरी कन्सोलवर जावे, लॉगिन करून गोठलेला प्रोग्रॅम मारावा आणि परत यावे. अर्धवट टाइप केलेले बाकीचे काम वाचते.

क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या वेलँडमध्ये प्रोग्रॅमला अशी मूठ आवळताच येत नाही. माऊस कुणाला द्यायचा हे कंपोझिटर, म्हणजे पडदा सांभाळणारा प्रोग्रॅम, ठरवतो. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. मात्र बटणांचे क्रमांक बदलणारे 'एक्सइनपुट' हे जुने साधन तिथे लावले तर खऱ्या माऊसऐवजी एक्सचे जुने प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या 'एक्सवेलँड'चा एक नकली माऊस दिसतो, आणि त्यावर केलेला बदल कंपोझिटरपर्यंत पोचत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये तर ग्नोमसाठी एक्सचे सत्र उरलेलेच नाही.

आमच्या नव्या यंत्रावर आता डावखुऱ्यांसाठी बटणे बदलायची ती डेस्कटॉपच्या सेटिंगमधूनच, आणि खबरा पाहायच्या त्या लिबइनपुटच्या डीबग साधनातून. टॉवरवर हलका डेस्कटॉप आणि एक्स तसाच आहे, तिथे 'एक्सईव्ही'ची छोटी पांढरी खिडकी उघडून बटण दाबले की क्रमांक दिसतो. दोन्ही यंत्रांच्या पडद्याखाली मी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. एकीवर 'एक्स', दुसरीवर 'वेलँड'. आता तक्रार घेऊन येणारी मुले आधी चिठ्ठी वाचून सांगतात, मग माऊस दाखवतात.