ग्रीनलंडच्या ट्रेकसाठी व्हिसा: अर्ज कुठे अडकतो

पश्चिम ग्रीनलंडमधली आर्क्टिक सर्कल ट्रेल कांगरलुस्सुआकहून निघून सिसिमियुतला समुद्रापाशी संपते. अंतर साधारण 160 किलोमीटर, चालायला आठ-दहा दिवस, आणि मध्ये एकही गाव नाही. अख्ख्या ग्रीनलंडची वस्ती 56-57 हजारांच्या घरात, तीही किनाऱ्याला धरून. ही वाट चालायला परवाना लागत नाही. भारतीय पासपोर्टवाल्याला लागतो तो व्हिसा, आणि घोळ तिथेच होतो.

ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. त्यामुळे फ्रान्स किंवा जर्मनीने दिलेला शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही, मग तो पाच वर्षांचा मल्टिपल एन्ट्री का असेना. नुसता डेन्मार्कचा शेंगेन व्हिसाही पुरत नाही. ग्रीनलंडसाठी वैध असल्याचं त्यावर छापलेलं असावं लागतं. ते आपोआप छापून येत नाही. ग्रीनलंडला जायचंय हे अर्जात आणि कव्हर लेटरच्या पहिल्याच ओळीत आपणच लिहायचं. अर्ज केंद्रात खिडकीपलीकडे बसलेला माणूस फक्त कागद गोळा करतो, निर्णय दूतावासाचा असतो. तेव्हा 'त्यांनी काही सांगितलं नाही' या तक्रारीला अर्थ उरत नाही.

दुसरी गोम एन्ट्रीची. कोपनहेगनला उतरलात की शेंगेनमध्ये शिरलात, ग्रीनलंडच्या विमानात बसलात की बाहेर पडलात, परतताना पुन्हा कोपनहेगन म्हणजे दुसरा प्रवेश. आइसलंडच्या रेक्याविकमार्गे गेलात तरी हिशोब तोच, कारण आइसलंडही शेंगेनमध्येच आहे. सिंगल एन्ट्री मागणारे परतीच्या वाटेवर अडकतात. निदान दोन एन्ट्री मागा, आणि पासपोर्ट हातात पडताच स्टिकरवर त्या मिळाल्यात का ते वाचा.

आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो: मुक्कामाचं बुकिंग. वाटेतल्या लाकडी झोपड्या फुकट आहेत, पण त्यांचं आरक्षण होत नाही. जो आधी पोचेल त्याची फळी, बाकीच्यांना तंबू. मग लोक काय करतात, तर सगळ्या रात्रींसाठी सिसिमियुतचं हॉटेल बुक करतात आणि व्हिसा आला की रद्द करतात. कृपा करून हे करू नका. एकीकडे 160 किलोमीटर चालणार म्हणायचं आणि दुसरीकडे दहाही रात्री एकाच हॉटेलात झोपायचं, ही विसंगती कुणाच्याही डोळ्यांत खुपेल. त्यापेक्षा दिवसवार तक्ता द्या: तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, झोपडी की तंबू. ट्रेकच्या आधीचं नि नंतरचं बुकिंग मात्र खरं असू द्या. आधी केलेल्या मोठ्या ट्रेकचा एखादा पुरावा असेल तर तोही जोडा.

विम्याची अट 30,000 युरोच्या वैद्यकीय संरक्षणाची. आपल्याकडच्या 'शेंगेन' पॉलिसीत ग्रीनलंड असेलच असं नाही; नाव लेखी घालून घ्या. ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका वगळलेली आहे का, हेही बारीक अक्षरांत बघा. व्हिसा मिळवायला कदाचित ते लागणार नाही, पण पाय मुरगळला तर लागेल. सह्याद्रीतल्यासारखं गावकऱ्यांना हाक मारून डोली करता येणार नाही.

मुदतीबद्दल: अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. हे 15 दिवस म्हणजे व्हिसा मिळण्याची हमी नव्हे. निर्णयाला 45 दिवसांपर्यंत लागू शकतात. ऑगस्टचा ट्रेक असेल तर मार्च-एप्रिलमध्ये कामाला लागा, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटचेच वांधे होतात. ग्रीनलंडमधली विमानं हवामानामुळे रखडतात, म्हणून व्हिसा, रजा आणि विमा तिन्हींत दोन-चार दिवस जास्तीचे धरा, आणि तिन्हींच्या तारखा एकमेकींशी जुळू द्या.

बाकी नेहमीचंच: परतीनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला पासपोर्ट, फोटो, बँक स्टेटमेंट, आयटीआर, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, 90 युरो फी.

हिमस्तर ओलांडायचा असेल किंवा ईशान्य ग्रीनलंड राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल तर ग्रीनलंड सरकारचा वेगळा परवाना लागतो, आणि तो दूतावासात मागून मिळत नाही.