पोटावरच्या पिशवीची भीती कुठून आली

मोठ्या आतड्याचे किंवा गुदाशयाचे ऑपरेशन ठरले की बहुतेक रुग्ण आधी एकच विचारतात: शौच गोळा करणारी पोटावरची पिशवी कायमची लागेल का? ही भीती उगाच आलेली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर फक्त खालच्या बाजूने कापून काढत. लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांच्या अशा ५७ रुग्णांपैकी ५४ जणांना तो पुन्हा झाला. म्हणून १९०८ मध्ये त्यांनी पोटातून आणि खालून, दोन्हीकडून गुदाशय, गुदद्वार आणि आसपासच्या लसग्रंथी काढायची पद्धत मांडली. जीव वाचू लागले, पण शौचाची वाट कायमची पोटावर आली. पोटावरच्या या छिद्राला स्टोमा म्हणतात.

आणि त्या काळी ती सांभाळणे फार हालाचे होते. गळती, वास, सोललेली कातडी. १९५२ मध्ये सर्जन ब्रायन ब्रुक यांनी पोटावर आणलेल्या लहान आतड्याचे टोक उलटे दुमडून जरा वर काढले, त्यामुळे आतड्यातले दाहक पाणी कातडीला न लागता थेट पिशवीत पडू लागले. १९५४ मध्ये एलिसे सोरेन्सन या डॅनिश नर्सने बहिणीसाठी चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. स्टोमानंतर ती बहीण घराबाहेर पडायला धजत नव्हती. आजही स्टोमा नर्स ऑपरेशनआधी तुम्हाला उभे करून, बसवून, वाकवून पोटावर खूण करते. तिला पुरेसा वेळ द्या. जागा चुकली, तर चांगली पिशवीसुद्धा नीट चिकटत नाही.

१९७० च्या दशकात आतड्याची टोके टाचून जोडणारे गोल स्टेपलर आले आणि आतडे खूप खाली जोडता येऊ लागले. इंग्लंडमधल्या बेझिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढण्याचा आग्रह धरला. त्या जागी कॅन्सर उलटण्याचे प्रमाण खूप घटले. आता अनेकांचे गुदद्वार वाचते. जोड भरून येईपर्यंत काही महिने तात्पुरता स्टोमा मात्र लागू शकतो. तो बंद केल्यावरही अनेकांना वारंवार, घाईची शौचाला लागते, हे पुरेसे सांगितले जात नाही असे मला वाटते. लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा जवळूनच जातात, तेव्हा त्याबद्दलही संकोच न करता विचारा.

पूर्वी ऑपरेशननंतर गॅस सरेपर्यंत उपास आणि नाकात नळी असे. १९९० च्या दशकात कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी ही रीत तपासून मोडली. आता पोट रिकामे व्हायला वेळ लागण्याचा त्रास नसेल, तर भुलेच्या दोन तास आधीपर्यंत पाणी चालते, लवकर खायला देतात आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. घरीही लवकर पाठवतात, त्यामुळे जोड गळण्याचा त्रास कधीकधी घरी गेल्यावर उघड होतो. ताप, वाढती पोटदुखी, छातीत धडधड किंवा उलट्या सुरू झाल्या तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.