बुलेट ट्रेनचा आवाज: शिळफाट्याला लागू पडेल अशी मोजणी कुठून आली?

मुंबई–अहमदाबाद मार्ग शिळफाट्याजवळ बोगद्यातून बाहेर येऊन म्हातार्डीच्या ठाणे स्थानकाकडे पुलावरून जातो. इथल्या आवाजाविषयी नुसतं 'इतके डेसिबल' म्हणून भागत नाही. अंतर किती, माइकची उंची किती, आकडा सरासरी की कमाल, हेही सांगावं लागतं.

जपानची पहिली बुलेट ट्रेन, तोकाइदो शिंकान्सेन, 1 ऑक्टोबर 1964 ला सुरू झाली तेव्हा आवाजाला मर्यादाच नव्हती. 1974 मध्ये नागोयाचे रहिवासी कोर्टात गेले आणि 1975 मध्ये मानक आलं: वस्तीत 70, व्यापारी-औद्योगिक भागात 75 डीबी(ए), म्हणजे माणसाच्या कानाच्या संवेदनेप्रमाणे भार दिलेले डेसिबल. मोजणी अशी: माइक जमिनीपासून 1.2 मीटरवर, मीटर 'स्लो' (संथ प्रतिसादा)वर, दोन्ही दिशांच्या सलग 20 गाड्यांचे कमाल आकडे आणि त्यांतल्या वरच्या निम्म्यांची ऊर्जा-सरासरी. म्हणजे हळू गेलेल्या गाड्या आकडा खाली ओढू शकत नाहीत.

आपल्या 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत मात्र वस्तीसाठी दिवसा 55, रात्री 45 डीबी(ए) ही सरासरीची मर्यादा आहे. 400 मीटरची गाडी ताशी 320 किमीने साडेचार सेकंदांत निघून जाते. तेवढा वेळ 75 डीबी धरले तरी तासाची सरासरी भरते 46. तासाला सहा गाड्या गेल्या तरी 54. कागदावर दिवसाच्या मर्यादेत, पण दर दहा मिनिटांनी दुपारची झोप मोडणार! सरासरीच्या जोडीला कमाल आकडा मागायलाच हवा.

आवाजाचं गणित आधी चाकांवर बसवलं गेलं. चाक आणि रुळाचा मायक्रॉनमधला खडबडीतपणा दोघांना कंप देतो, हा सिद्धांत 1970 च्या दशकात संशोधक रेमिंग्टनने मांडला. 1990 च्या दशकात त्यावर 'ट्विन्स' हे मॉडेल उभं राहिलं. वेग दुप्पट झाला की चाकांचा आवाज सुमारे 9 डेसिबलने वाढतो, हवेचा 18 ने. म्हणून ताशी 300 किमीच्या आसपास पँटोग्राफ (छतावरची तारेतून वीज घेणारी चौकट), नाक आणि बोगींभोवतीची (चाकांच्या सांगाड्यांभोवतीची) हवा डोईजड होते. रुळापासून 2 मीटर उंच भिंत चाकांचा आवाज अडवते, छतावरच्या पँटोग्राफचा तिच्या वरून निसटतो.

बोगद्याचा त्रास 1975 मध्ये जपानच्या ओकायामा–हाकाता टप्प्यावर पुढे आला. गाडी शिरताना उठलेली दाबलाट खडीविना काँक्रीटच्या मार्गावर विरत नाही, उलट धारदार होते आणि पलीकडच्या तोंडाशी 'धडाम्' करते. उपाय म्हणजे लांब नाक (1997 च्या 500 मालिकेच्या शिंकान्सेन गाडीत 15 मीटर) आणि तोंडाशी छिद्रांचं छत. आपल्याकडे 21 किमी बोगद्याचं दुसरं टोक बीकेसीचं (वांद्रे-कुर्ला संकुलाचं) भूमिगत स्थानक. तिथून गाडी थांबल्या जागेवरून सुटणार, त्यामुळे शिळफाट्याला हा ठोका सौम्यच असावा. मधल्या शाफ्टांच्या (बोगद्यात उतरणाऱ्या उभ्या विहिरींच्या) तोंडाशी मात्र मोजायला हवं.

या ठोक्यासाठी डीबी(ए) उपयोगाचं नाही: 'ए' भार खालच्या वारंवारता कापून टाकतो आणि खिडक्या खडखडतात त्या नेमक्या त्यांनीच. शिवाय शिळफाट्याचे ट्रक. पार्श्वआवाज गाडीपेक्षा निदान 10 डेसिबलने खाली नसेल, वारा सेकंदाला 5 मीटरपेक्षा जास्त असेल किंवा माइक इमारतीच्या भिंतीपासून एक-दोन मीटरवर असेल (सुमारे 3 डेसिबल फुकट वाढतात), तर ते वाचन बाद धरावं.