स्कोप कुठला घ्यायचा ते काडतूस ठरवतं

रायफल क्लबमध्ये नवीन आलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, किती झूमचा स्कोप (रायफलवरची दुर्बीण) घेऊ? माझं मत स्पष्ट आहे, हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा की रायफलमधून कुठलं काडतूस सुटणार आहे आणि किती लांब. कारण स्कोप दाखवतो ती रेषा अगदी सरळ असते, आणि गोळी कधीच सरळ जात नाही, नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून ती नळीच्या रेषेखाली यायला लागते. या दोघांची भेट एका ठरावीक अंतरावर घडवून आणणं म्हणजे झिरो करणं. त्या अंतराच्या पुढे गोळी किती पडणार हे काडतुसावर असतं, स्कोपला त्यातलं काहीही कळत नाही.

.२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाचा साधा मॅच, म्हणजे स्पर्धेचा, प्रकार घ्या. गोळी साधारण सेकंदाला ३३० मीटरने निघते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या आसपास. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा-सातवा भाग लागतो आणि तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला जवळजवळ १२ सेंटीमीटर खाली ओढतं. आता रायफल ५० मीटरला झिरो केली आणि तसाच नेम धरून १०० मीटरवर मारलं तर गोळी वीस-बावीस सेंटीमीटर खाली लागते, आणि २०० मीटरवर तर पावणेदोन मीटरच्या आसपास. याउलट .३०८ या मोठ्या काडतुसाची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर निघते, त्यामुळे १०० मीटर जाईपर्यंत ती जेमतेम ८ सेंटीमीटर पडते.

इथे एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप) समजून घ्यावा लागतो. एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक म्हणजे एक एमओए, १०० मीटरवर तो सुमारे २.९ सेंटीमीटर भरतो. बऱ्याच स्कोपच्या टरेटवर, म्हणजे नेम सरकवायच्या चाकावर, एक क्लिक म्हणजे पाव एमओए, म्हणजे ५० मीटरवर एका क्लिकने गोळी साडेतीन मिलीमीटरच्या आसपास सरकते. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलीमीटर व्यासाचं असतं, म्हणजे तीन क्लिक फिरवले की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचलात. (आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्स या तीन आसनांतल्या स्पर्धेचं ब्राँझ याच टार्गेटवर मिळवलं, आणि तेही स्कोपशिवाय, कारण त्या प्रकारात भिंगाच्या दुर्बिणीला परवानगीच नसते, बारीक भोकाच्या साईटमधून बघायचं असतं. मला हे दर वेळी थक्क करतं.)

आता खरी गोम. .३०८ ची मॅच गोळी १०० ला झिरो करून हजार यार्डांवर मारायची तर ती सुमारे दहा मीटर खाली जाते, म्हणजे साधारण ३८ एमओए वर उचलायला लागतं. स्कोपमध्ये वर-खाली मिळून एकूण ६० एमओए फिरायची सोय असेल तर मधोमध बसवल्यावर वर जायला तीसच उरतात. टरेट अडकतं आणि गोळी अजून खालीच. मग लोक स्कोपखाली २० एमओए उताराचा बेस, म्हणजे पट्टी, लावतात, म्हणजे स्कोपचं पुढचं टोक किंचित खाली झुकवून बसवतात, की वरची फिरण्याची जागा वाढते. आणि गंमत बघा, .२२ ला २०० मीटरवर जवळपास तेवढेच एमओए लागतात जेवढे .३०८ ला ८०० मीटरवर. त्यामुळे ".२२ च आहे, कुठलाही स्वस्त स्कोप चालेल" हे लांब मारणाऱ्याला अजिबात लागू होत नाही.

काही स्कोपमध्ये हा हिशोब आधीच करून ठेवलेला असतो. सोव्हिएत ड्रॅगुनोव्ह रायफलचा पीएसओ-१ घ्या, त्याच्या टरेटवर मीटरचेच आकडे असतात, आकडा लावला की झालं, पण तो आकडा ७.६२ बाय ५४ काडतुसाच्या गोळीपुरताच खरा. अमेरिकन मरीन्सनी तर एकाच प्रकारच्या एकॉग साईटचे दोन नमुने घेतले, एक एम१६ए४ रायफलसाठी, एक एम४ साठी. काडतूस तेच ५.५६, पण एम४ ची नळी आखूड म्हणून गोळीचा वेग कमी, म्हणून रेटिकलच्या (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या आकृतीच्या) खुणा वेगळ्या. नुसत्या नळीच्या लांबीने एवढा फरक पडतो, तर गोळीचं वजन बदलल्यावर काय होईल याचा विचार करा. म्हणून स्कोपच्या डब्यावर ".३०८ साठी" लिहिलेलं असलं तरी कुठल्या वजनाची गोळी आणि किती वेग धरलाय ते बघितल्याशिवाय त्या खुणांवर विश्वास ठेवू नये.

पॅरॅलॅक्सकडे, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो त्याकडे, फार कमी लोक बघतात, आणि .२२ वाल्यांचं नुकसान बऱ्याचदा तिथेच होतं. समोरच्या भिंगातून येणारी प्रतिमा नेमकी रेटिकलच्या पातळीवर पडायला हवी, पण ती एका ठरावीक अंतरासाठीच पडते. मोठ्या काडतुसांच्या स्कोपमध्ये हे अंतर बहुधा १०० किंवा १५० यार्ड ठेवलेलं असतं, .२२ च्या स्कोपमध्ये ५० किंवा ६०. समजा १०० वर ठरवलेला, ४० मिलीमीटर भिंगाचा स्कोप ५० वर वापरला, तर डोळा मधून हलला की नेम १० मिलीमीटरपर्यंत चुकू शकतो. म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या बाहेर, तुम्ही काहीही चुकीचं न करता. तपासायचं असेल तर रिकामी रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की टेकवा, हात न लावता फक्त डोकं डावी-उजवीकडे हळूहळू हलवा आणि बघा, क्रॉसहेअर (रेटिकलची फुली) टार्गेटवर सरकतो का. सरकला तर पॅरॅलॅक्स आहे. बाजूला फोकसचं चाक असलेला स्कोप थोडा महाग पडतो, पण .२२ साठी मी झूमच्या आधी त्याच्यावर पैसे घालीन.

धक्क्याचंही तसंच. .२२ चा धक्का एका जूलच्याही आत, .३०८ चा वीस-पंचवीस जूल. हलक्या .२२ च्या स्कोपमध्ये आतली नळी आणि स्प्रिंग तेवढा मार खायला बनवलेल्या नसतात, त्यामुळे तो .३०८ वर लावला की झिरो भटकायला लागतो आणि माणूस उगाच काडतुसाला दोष देत बसतो. शिवाय डोळा आणि स्कोप यांत मोठ्या काडतुसाला नऊ-दहा सेंटीमीटर अंतर लागतं, नाहीतर स्कोपची कडा भुवईवर बसते, टाके पडण्याइतकी.

पण सगळ्यात वाईट धक्का स्प्रिंगच्या एअर रायफलचा, हे बऱ्याच जणांना पटत नाही. आतला जड पिस्टन पुढे धावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आदळला की तीच रायफल झटक्यात पुढे जाते. बंदुकीच्या स्कोपमधली भिंगं मागे येणारा धक्का सोसायला बसवलेली असतात, पुढचा झटका त्यांच्या हिशोबातच नसतो, म्हणून .३०८ वर वर्षानुवर्षं टिकलेला स्कोप छर्ऱ्याच्या बंदुकीवर बिघडू शकतो. अशा रायफलसाठी एअरगनला चालेल असं स्पष्ट लिहिलेला आणि १० मीटरपर्यंत फोकस होणारा स्कोपच घ्या, आणि माउंटला (स्कोप धरणाऱ्या पकडीला) मागे सरकू नये म्हणून अडवणारी पिन आहे ना ते दुकानातच बघून घ्या.