खाऱ्या टाकीतली लाल साय

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची तर समुद्र घरातच तयार करावा लागतो. लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास समुद्री मीठ, २५-२६ अंश तापमान, थोडे दगड, तळाला वाळू आणि क्लाउन फिशची एक जोडी. पहिले काही महिने सगळं झकास चालतं. मग वाळूच्या एखाद्या कोपऱ्यात किरमिजी डाग दिसतो, आणि बघता बघता तो दगडांवर चढतो.

‘शेवाळ धरलंय,’ असं सांगून कुणीतरी शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी गळ्यात मारतं. त्या या थराला सहसा तोंडही लावत नाहीत, कारण हे शेवाळ नव्हेच. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर जगणारे जिवाणू. त्यांच्यात हरितद्रव्याच्या जोडीला फायकोएरिथ्रिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं. पारख सोपी आहे. पातळ नळीनं ओढून बघा. खरं शेवाळ दगडाला घट्ट धरून असतं, खरवडल्याशिवाय निघत नाही. हा थर मात्र दुधावरच्या सायीसारखा अख्खा उचलून येतो. दिवे लागून काही तास झाले की त्यावर बारीक बुडबुडे जमतात, ते ऑक्सिजनचे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो याच कुळाच्या कृपेनं. इतक्या जुन्या खेळाडूला बाटलीभर औषधानं चीत करू, असं समजणंच मुळात जरा धाडसाचं.

त्याला लागतं काय? प्रकाश, संथ पाणी आणि खत. खत म्हणजे मुख्यतः फॉस्फेट. माशांच्या खाद्यातून ते येतंच, पण आपल्याकडे आणखी एक चोरवाट आहे, ती म्हणजे रोजची पाण्याची भर. शंभर लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात पंखा लावल्यावर दिवसाला लिटरभर पाणी सहज उडतं. उडतं ते फक्त पाणी. क्षार, फॉस्फेट, सिलिकेट सगळं मागे राहतं. रोज नळाचं लिटरभर ओतलं, तर तीन-सव्वातीन महिन्यांत टाकीभर नळाच्या पाण्यातला सगळा ऐवज तुमच्या टाकीत जमा!

‘आम्ही आरओचंच पाणी घालतो,’ हे उत्तरही पुरत नाही. घरगुती आरओ माणसांसाठी बनवलेला असतो. पाण्याला चव राहावी म्हणून बऱ्याच यंत्रांत थोडं कच्चं पाणी परत मिसळतात किंवा खनिजांची नळकांडी बसवलेली असते. स्वस्तातला टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) त्या पाण्यात बुडवा, आकडा सगळं सांगतो. टाकीसाठी तो शून्याच्या जवळ हवा. त्यासाठी मिसळणीची वाट बंद करून पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, टप्पा जोडावा लागतो. माझ्या मते महागड्या दिव्याआधी पैसे इथे घालावेत.

आता यातली खरी गंमत. खत कमी करायचं म्हणून बरेचजण नायट्रेट, म्हणजे माशांच्या मैल्यातून तयार होणारं दुसरं खत, शून्यावर आणतात, आणि साय आणखी माजते. कारण या जिवाणूंच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरू शकतात. नायट्रेट संपलं की त्यांच्याशी स्पर्धा करणारं साधं शेवाळ उपाशी मरतं आणि मैदान यांना मोकळं मिळतं. म्हणून नायट्रेट थोडं राहू द्यावं, कात्री फॉस्फेटला लावावी. तीही हळूहळू, कारण चुनखडीचे दगड फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातलं कमी झालं की ते साठवलेलं सोडू लागतात, आणि चाचणीचा आकडा पुन्हा वर जातो.

बाकीची कामं साधी आहेत. पाणी बदलताना थर नळीनं ओढून काढायचा. दगडांमागच्या मुक्या कोपऱ्यांत प्रवाह पोचेल असा पंप वळवायचा. गोठवलेलं खाद्य वितळवून गाळून द्यायचं. तीन दिवस टाकी झाकून पूर्ण अंधार करायचा उपायही चालतो, पण मेलेला थर कुजताना ऑक्सिजन खातो, म्हणून एअर पंप चालूच हवा. खत तसंच राहिलं असेल तर साय परत येणारच.

एरिथ्रोमायसिन घातलं की ती झपाट्यानं जाते, हे खरं. पण ते प्रतिजैविक आहे, माणसांच्या घशाच्या संसर्गावर देतात तेच. टाकीतलं पाणी शेवटी मोरीत जातं, आणि शहराच्या सांडपाण्याला जयंती नाल्यातून पंचगंगा गाठायची सवय जुनीच आहे. तिथल्या जिवाणूंना औषध पचवायचा सराव आपण का द्यायचा?

साय लाल न होता सगळं पाणीच दुधाळ झालं, तर मामला वेगळा. नवी टाकी, मेलेला मासा किंवा नायट्रेट उतरवायला जास्त पडलेलं व्हिनेगर, यांवर दुसरेच जिवाणू तासाभरात दुप्पट होत सुटतात. अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू त्यांच्यापुढे फार संथ, त्यांना दुप्पट व्हायला बरेच तास, कधी दिवसही लागतो. अशा वेळी फिल्टर धुऊन त्यात राहणारे हे उपयोगी जिवाणू घालवू नका. खाद्य थांबवा, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि हवा जोरात ठेवा. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तरच घाईनं पाणी बदला, एरवी काही दिवसांत ते आपोआप निवळतं.