डीव्हीडीच्या मेनूतलं बटण आणि लिंक: दिसायला सारखी, कामाला वेगळी

डीव्हीडी ऑथरिंग, म्हणजे व्हिडिओ, मेनू आणि बटणं जोडून डिस्क तयार करायचं काम, करणाऱ्याला कधी ना कधी ही मागणी ऐकावी लागते: "मेनूत एक बटण द्या, दाबलं की आमची वेबसाइट उघडली पाहिजे." माझ्याकडे ती एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या डिस्कच्या वेळी आली. शिवाय स्मरणिकेची पीडीएफही तशीच एका बटणावर उघडायला हवी होती. मागणी रास्तच होती. संगणकावर डीव्हीडी लावली की मेनूतल्या बटणावर माउसने क्लिक करता येतं, बाणाचा हात होतो, बटणाचा रंग बदलतो. वेबपानावरच्या लिंकपेक्षा यात वेगळं काही आहे असं कुणाला का वाटावं?

पण बटण आणि लिंक यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

आधी बटण. मेनूचं चित्र हा साधा व्हिडिओ असतो आणि बटणाचा आकार त्या चित्रातच रंगवलेला असतो. त्यावर उमटणारी झळाळी म्हणजे सबटायटलच्याच जातीचा, चार रंगांचा एक पातळ थर. प्रत्येक बटणामागे आठ बाइटची एकच आज्ञा असते: अमुक मेनूवर जा, अमुक टायटलच्या (डिस्कवरच्या एका व्हिडिओच्या) अमुक चॅप्टरपासून सुरू कर, किंवा प्लेअरच्या स्मृतीतल्या सोळा खणांपैकी एकात आकडा ठेव. एका मेनूत जास्तीत जास्त ३६ बटणं बसतात. रुंद पडदा आणि जुना चौकोनी टीव्ही असं दोन्हीकडे तोच मेनू दाखवायचा असेल, तर १८. हे नियम १९९६ साली ठरले, ते दिवाणखान्यातल्या प्लेअरसाठी. त्या प्लेअरला ना ब्राउझर, ना इंटरनेट. त्यामुळे आज्ञांच्या यादीत वेबपत्ता लिहायला जागाच ठेवलेली नाही. बटणाची उडी डिस्कच्या आतच राहते.

आता लिंक. डीव्हीडीत वेबलिंक म्हणून जी चालायची, ती डिस्कच्या नियमांबाहेरची सोय होती आणि ती संगणकावरच्या प्लेअर सॉफ्टवेअरवर अवलंबून होती. ॲपलच्या डीव्हीडी स्टुडिओ प्रो या ऑथरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं नाव डीव्हीडी ॲक्सेस. मेनूला, व्हिडिओतल्या मार्करला (ठरावीक जागी ठेवलेल्या खुणेला) किंवा स्लाइडला पत्ता जोडायचा. तो वेबचा असू शकतो, ईमेलचा किंवा डिस्कवरच्याच एखाद्या फाइलचा. मॅकवरचा ॲपलचा प्लेअर तो ओळखायचा आणि ब्राउझर उघडून द्यायचा, तेही त्याच्या सेटिंगमध्ये या लिंकांना परवानगी दिलेली असेल तरच. विंडोजवर मात्र डिस्कसोबत दिलेला छोटा प्रोग्रॅम बघणाऱ्याने आधी स्वतः बसवायचा. शाळा-कॉलेजच्या संगणक कक्षात, जिथे काहीही बसवायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो, तिथे ही गोष्ट जवळजवळ अशक्यच.

सगळ्यात मोठी गफलत होते ती याच्या पुढे. ही लिंक बटणाला जोडता येत नाही. ती मेनूला जोडलेली असते आणि तो मेनू पडद्यावर आला की आपोआप चालते, बघणाऱ्याने काही दाबलेलं असो वा नसो. मुख्य मेनूलाच वेबसाइट जोडली, तर डिस्क घातल्याबरोबर ब्राउझर तोंडावर येतो. व्हिडिओ संपून मेनू परत आला की पुन्हा येतो. माझ्या पहिल्या चाचणीत नेमकं हेच झालं. शाळेतल्या बाईंना वाटलं, डिस्कमध्ये व्हायरस आहे.

यावर उपाय आहे, आणि क्लिक करता येणारी लिंक म्हणतात ती म्हणजे हा उपायच. चार-पाच सेकंदांचा एक छोटा ट्रॅक, म्हणजे व्हिडिओचा वेगळा तुकडा, करायचा. त्याच्या सुरुवातीच्या मार्करला पत्ता जोडायचा. मेनूतल्या बटणाने त्या ट्रॅकवर उडी मारायची आणि तो संपला की परत मेनूवर यायचं. बटण आपलं डिस्कमधलं काम करतं, वाटेत सॉफ्टवेअरला पत्ता सापडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की बटणानेच वेबसाइट उघडली. त्या चार-पाच सेकंदांच्या चित्रात पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. टीव्हीसमोर बसून रिमोटने ते बटण दाबणाऱ्या आजोबांना दुसरं काहीच मिळणार नाही. निदान कागदावर उतरवून घ्यायला पत्ता तरी मिळेल.

स्मरणिकेचं गणित यापेक्षा सोपं आहे. डीव्हीडीवर व्हिडिओच्या फोल्डरशेजारी तुम्ही स्वतःचा फोल्डर ठेवू शकता. घरातला प्लेअर त्याकडे पाहतही नाही, संगणकाला मात्र तो पेनड्राइव्हवरच्या फोल्डरसारखाच दिसतो. त्यातली पीडीएफ वर सांगितलेल्या युक्तीने उघडता येते, पण अशा पत्त्यात डिस्कचं नावही येतं. बर्न करताना शेवटच्या क्षणी नाव बदललं की लिंक तुटते. म्हणून मी मेनूत एवढंच लिहितो: "स्मरणिका वाचण्यासाठी डिस्क संगणकात घालून 'स्मरणिका' फोल्डर उघडा." दिसायला हे साधं आहे, पण चालतं. कव्हरच्या मागेही हीच ओळ छापून घ्या.

डीव्हीडी स्टुडिओ प्रो २०११ मध्ये बंद झालं. विंडोज ८ पासून विंडोज मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवण्याची सोयच गेली. व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअर सॉफ्टवेअरला या लिंका समजत नाहीत. म्हणजे त्या काळात कष्टाने जोडलेले पत्ते आज बहुतेक संगणकांवर मुके आहेत, बटणं मात्र तशीच चालतात.

आज कुणी लग्नाची किंवा नाटकाची डिस्क करायला सांगितली, तर त्या छोट्या ट्रॅकमध्ये मी क्यूआर कोड ठेवेन. समोरच्याच्या हातात फोन असतोच. फक्त पत्ता छोटा हवा. २५ बाय २५ चौकटींच्या कोडमध्ये पंचवीसेक अक्षरं बसतात. भोवतीची पांढरी कड धरून प्रत्येक बाजूला ३३ चौकटी होतात. प्रत्येक चौकट आठ पिक्सेलची ठेवली तर २६४ पिक्सेल, म्हणजे पॅल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या ५७६ ओळींच्या निम्म्याहून कमी. त्याहून बारीक केला तर जुन्या टीव्हीवर कडा थरथरतात आणि फोनला कोड वाचता येत नाही. ट्रॅक १६:९ चा, म्हणजे रुंद पडद्याचा, असेल तर कोड आधी आडवा दाबून घ्या, नाहीतर टीव्हीवर तो ताणून आयताकृती दिसतो. आणि डिस्क बर्न करण्याआधी खऱ्या टीव्हीसमोर, नेहमी बसता तेवढ्याच अंतरावरून, स्वतःच्या फोनने तो एकदा वाचून बघा.