लॉगिननंतरचे संदेश आणि क्रमांक 2 चा मार्ग

लिनक्स नव्याने वापरू लागलेल्या अनेकांची अशी समजूत असते की, डेस्कटॉप सत्राच्या नोंदीत शेकडो इशारे आढळले म्हणजे यंत्रणा बिघडली आणि ती पुसून पुन्हा बसवण्याला पर्याय उरला नाही. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे, हे कळण्यासाठी हे संदेश फाइलपर्यंत पोहोचतात कसे, ते पाहावे लागते.

युनिक्स, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनली ती जुनी प्रणाली, तिच्या परंपरेत प्रत्येक प्रोग्रामला सुरू होतानाच तीन मार्ग उघडे मिळतात : 0 हा माहिती आत घेण्यासाठी, 1 हा उत्तर बाहेर देण्यासाठी आणि 2 हा तक्रारींसाठी. नवा प्रोग्राम सुरू करताना आधीची प्रक्रिया (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) 'फोर्क' या सिस्टिम कॉलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला केलेल्या विनंतीने, स्वतःची प्रत काढते, आणि ती प्रत 'एक्झेक' या दुसऱ्या कॉलने स्मृतीतला जुना प्रोग्राम काढून तिथे नवा चढवते. या अदलाबदलीत प्रोग्राम पूर्ण बदलतो. पण मुद्दाम बंद करण्याची खूण केलेली नसेल, तर उघडे मार्ग जसेच्या तसे राहतात. पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीवर चालणाऱ्या अनेक वितरणांत (लिनक्सच्या तयार संचांत) सत्र सुरू करणारी स्क्रिप्ट अगदी आरंभीच मार्ग 1 आणि 2 हे होम डिरेक्टरीतल्या, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या, 'डॉट एक्ससेशन-एरर्स' या फाइलकडे वळवते. त्यानंतर जन्माला येणारा विंडो मॅनेजर (खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम), पॅनेल, आवाजाचे चिन्ह, इतकेच काय, काही तासांनी उघडलेला ब्राउझरही त्याच फाइलमध्ये लिहू लागतो, आणि त्यांपैकी एकालाही त्या फाइलचे नाव ठाऊक असावे लागत नाही! एवढ्या साध्या नियमातून एवढी मोठी सोय निर्माण व्हावी, ही मला संगणकशास्त्रातली अत्यंत सुंदर रचना वाटते.

म्हणूनच फाइलच्या नावात 'एरर्स' असले, तरी तिच्यात सगळ्यांचेच बोलणे गोळा होते. लागोपाठच्या दोन ओळींचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. कंसात प्रक्रिया क्रमांक दिलेला असेल, तर त्यावरून एकाच प्रोग्रामच्या ओळी वेगळ्या काढाव्यात. 'जीटीके-वॉर्निंग' (जीटीके म्हणजे खिडक्या, बटणे वगैरे काढण्याचे तयार साधन) अशी ओळ दिसली, तर बहुतेक वेळा त्या प्रोग्रामला एखादी ऐच्छिक गोष्ट मिळालेली नसते आणि तो तिच्यावाचून पुढे गेलेला असतो. प्रक्रिया बंद पडण्याआधीची तिची शेवटची ओळ मात्र लक्षपूर्वक वाचावी. सिस्टिमडी (सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या प्रणालींवर हेच संदेश बहुधा जर्नल या त्याच्या नोंदवहीत जातात आणि तिथे प्रत्येक ओळीसोबत वेळही नोंदलेली असते.

'संगणक स्वच्छ करून देतो' असे सांगणारी काही सॉफ्टवेअरे हेच निरुपद्रवी इशारे मोजून वापरणाऱ्याला घाबरवतात. कुठेतरी वाचलेली आज्ञा मंत्रासारखी, तीही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या प्रशासक खात्याच्या, अधिकाराने, चालवणे तर अधिकच घातक, कारण त्यातून होम डिरेक्टरीतल्या फाइलींची मालकी बदलू शकते.

पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा लॉगिनचा पडदा समोर येतो, या दोषामागे अनेकदा हेच कारण असते. 'डॉट एक्सऑथॉरिटी' या फाइलमध्ये ग्राफिक सर्व्हरशी जोडणीसाठी लागणारी 128 बिटांची यादृच्छिक गुप्त संख्या असते. तिची मालकी रूटकडे गेली, तर आपल्याच सत्राला ती वाचता-लिहिता येत नाही. भरलेली डिस्क हे दुसरे कारण. डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी ईएक्सटी4 ही फाइलप्रणाली मुळात 5 टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे रूटच्या सेवा चालू राहतात, पण सामान्य वापरकर्त्याला काहीच लिहिता येत नाही आणि नोंदीची फाइलही रिकामी राहू शकते. अशा वेळी रिकामी फाइल हाच पुरावा समजावा.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 या कळा एकत्र दाबल्यावर बहुतेक वितरणांत मजकुराचा कन्सोल, म्हणजे चित्रांशिवाय फक्त आज्ञा टाइप करण्याचा पडदा, मिळतो. तिथे आधी मोकळी जागा आणि फाइलींची मालकी तपासावी. दोन्ही ठीक असतील, तर नवे खाते उघडून त्यातून लॉगिन करून पाहावे. ते चालले, तर दोष आपल्या होम डिरेक्टरीत आहे असे धरून संशयित सेटिंग फाइल न पुसता फक्त तिचे नाव बदलावे आणि पुन्हा लॉगिन करावे. तिच्या जागी डेस्कटॉप सहसा मूळ सेटिंग्जची नवी फाइल तयार करतो.